बदामाची वाट बघणारी माणसं

हातात दोन बदाम, टेबलावर उघडलेल्या तीन पानांत आणखी दोन. पाचवा आला की फ्लश. एवढ्या भांडवलावर माणूस काय काय पणाला लावतो हे बघायचं असेल तर टेक्सास होल्डेमच्या टेबलाशी बसावं. समोरच्याकडे एक्क्यांची जोडी आहे हे त्याच्या तोंडावर छापलेलं असलं, तरी या गृहस्थाचं तिकडे लक्षच नसतं. ते असतं पानं वाटणाऱ्याच्या बोटांकडे.

या जमातीला पोकरवाले चेसर म्हणतात. आपल्याकडे ती मुबलक आहे आणि त्याचं खापर रमीवर फोडायला हरकत नाही. तीन पत्तीत वाटलेली पानं बदलत नाहीत; जे आलं त्यावर छाती काढायची. रमीत मात्र हातातल्या पानांना जोडीदार शोधत बसणं हाच धर्म. लग्नघरात रात्र रात्र रमी खेळून मुरलेले काका होल्डेमला बसले की छक्की आणि अठ्ठी धरून सत्तीची वाट बघतात, कारण आयुष्यभर त्यांना सत्ती फुकट आलेली असते. इथे प्रत्येक पानाला भाडं पडतं हे त्यांना कोणी सांगत नाही. समोर बसलेल्याने तर सांगूच नये.

भाड्याचा हिशेब तसा चौथीतल्या पोराला जमेल असा. ५२ पैकी ५ पानं दिसली, ४७ राहिली. बदाम १३, त्यातले ४ दिसले, ९ उरले. पुढच्याच पानाला बदाम येण्याची शक्यता १९ टक्के. पुढची दोन्ही पानं धरली तर ३५. मधली सत्तीच हवी असेल तर पानं फक्त ४, आणि पुढच्या पानाला शक्यता साडेआठ टक्के. एवढ्या अंदाजावर पुण्यात कोणी छत्री घेऊन निघत नाही.

गंमत अशी की चेसरला शिव्या घालणारा हिशेबी खेळाडूच पुष्कळदा त्याची सोय करून देतो. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १००० आहेत. एक्क्यांच्या जोडीवाला भीत भीत २०० लावतो. चेसरला २०० टाकून १२०० मिळवायची संधी, म्हणजे एकाला सहा. बदाम नसलेली पानं ३८, बदामाची ९. म्हणजे एकाला जेमतेम सव्वाचार. चेसरने आलंच पाहिजे! तो गणित करून येत नाही ही गोष्ट वेगळी. तेच १००० लावले असते तर त्याला एकाला दोन मिळाले असते आणि येणं हा शुद्ध तोटा झाला असता. तो तरीही आला असता. पैसा तिथेच आहे.

दुसरी चूक म्हणजे अशा माणसाला ब्लफ मारणं. ती बहुतेक जण टीव्हीवरून उचलतात. २००३ साली लास व्हेगासला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. टेनेसीतला एक हिशेबनीस, आडनाव खरोखरच मनीमेकर, इंटरनेटवरच्या पात्रता फेरीतून तिथे पोचला होता. शेवटच्या दोघांत त्याच्यासमोर सॅमी फरहा. फरहाकडे नव्वीची जोडी. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती. चौथं पान पडल्यावर त्याला फ्लशही लागू शकत होता आणि सिक्वेन्सही. न दिसलेल्या ४६ पैकी १५ पानं त्याची. पाचवं पान आलं बदाम तिर्री. काहीच लागलं नाही. त्याने सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या. फ्लश हुकला असावा असं फरहा बोलूनही गेला, आणि तरीही त्याने पानं टाकून दिली. मनीमेकर २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्याच वर्षी स्पर्धेत २५७६ जण आले.

त्यांनी एवढंच लक्षात घेतलं नाही की ब्लफ चालला, कारण समोर फरहा होता. फरहा विचार करतो. काका करत नाहीत. शिवाय डॉयल ब्रन्सनने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं दश्शी-दुर्रीसारख्या भिकार पानांवर, शेवटच्या पानाला फुल हाउस लावून हीच स्पर्धा जिंकली. हे कुठल्याही चेसरला ऐकवू नये.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदीचा कायदा झाला. तोवर फोनवर चेसरचं नुसतं टोपणनाव दिसे. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर तो सदेह भेटतो आणि सदेह चेसर अभ्यासायला बरा. तिसरा बदाम पडल्यावर जो आपली पानं हळूच उचलून पुन्हा बघतो, त्याच्याकडे सहसा फ्लश नसतो. दोन बदाम माणूस विसरत नाही. हातात एकच लाल पान असलं की ते बदाम होतं की चौकट याचा घोळ होतो. ज्याला खरंच लागलाय तो चहावाल्याला हाक मारता मारता थांबतो आणि अचानक फार सभ्य होतो.

‘बदाम लागलाय तुला, दिसतंय मला,’ असं मोठ्याने जाहीर करून हिशेबी खेळाडू उरलेल्या चकत्या पुढे सरकवतो, कारण एक्क्यांची जोडी टाकवत नाही. चेसर विजयी मुद्रेने पानं उलटी करतो. त्यातलं एक चौकट निघतं. हिशेबी माणूस पॉटकडे हात नेतो, तेवढ्यात शेजारचा कोणीतरी वाकून म्हणतो, ‘अहो काका, तुमचा सिक्वेन्स झालाय की!’