ऐनवेळचा विषय

विंडोज १० चं वय झालं. म्हणजे ती दमली, हळू झाली, विसरायला लागली, असं काही नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला अठ्ठावन्न पूर्ण झाली की महिनाअखेरीस शाल-श्रीफळ देऊन घरी धाडतात. तो काम कसं करतो हे त्या दिवशी कुणी विचारत नाही, जन्मतारीख काय ते विचारतात. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तेच केलं. नेमणूक २९ जुलै २०१५ ची, सेवा दहा वर्षं अडीच महिने, वर्तणूक समाधानकारक (निरोप समारंभात असंच बोलायचं असतं). निवृत्त माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीसारखाच दूध आणायला जातो, तशी ही प्रणालीही चालूच राहिली. फक्त नव्या चोरवाटा सापडल्या की त्या बुजवायला कंपनी यापुढे येणार नाही.

खरं तर २०१५ साली शिकागोच्या एका परिषदेत कंपनीच्याच माणसाने सांगितलं होतं, की ही विंडोजची शेवटची आवृत्ती. 'ही माझी शेवटची निवडणूक' हे दर पाच वर्षांनी ऐकणाऱ्या राज्यात ते कुणी मनावर घेतलं नाही, हे बरंच झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये अकरावी आलीच.

तर हा जागतिक प्रश्न आमच्या सोसायटीत आला तो 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदराखाली. कार्यालयात एक कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर दर महिन्याला मेन्टेनन्सची बिलं निघतात, 'उद्या पाणी येणार नाही' अशी नोटीस निघते आणि उरलेल्या वेळात मॅनेजर पत्ते खेळतात. एके सकाळी पडदाभर सूचना आली, की आता अपग्रेडचा विचार करा. मॅनेजरांना तो व्हायरस वाटला. त्यांनी प्लग काढला, उदबत्ती लावली आणि सचिवांना फोन केला.

सचिवांनी आधी तपासणी करवून घेतली. कंपनीचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं ॲप आहे. मशीन अकरावीला बसण्यालायक आहे का, ते हे सांगतं. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. ती बोर्डात होतीच, बायोसमध्ये जाऊन चालू करायची होती. मेमरी पास, जागा पास. अडलं प्रोसेसरपाशी. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आमचा निघाला सातव्या पिढीचा. आता हा पीसी घेतला २०१७ च्या गुढीपाडव्याला. साडेतीन मुहूर्तांपैकी पूर्ण मुहूर्त म्हणून तेव्हाच्या सचिवांनी हट्टाने त्याच दिवशी आणला, सीपीयूला हळदकुंकू वाहिलं. आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर. म्हणजे बलिप्रतिपदेच्या अर्ध्या मुहूर्तावर घेतला असता तर पास झाला असता आणि पूर्ण मुहूर्तावर घेतला म्हणून नापास! सभेत पाच मिनिटं शांतता होती. धर्मशास्त्राला इतका जोराचा फटका आमच्या इमारतीत याआधी बसला नव्हता.

बी विंगमधला एक इंजिनिअर मुलगा म्हणाला, "काका, सातव्या पिढीतलेही मोजके चालतात की. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे, त्याला मुभा दिलीय." यावर कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. कमिटीतल्या मंडळींच्या बाल्कन्या आणि इतरांच्या बाल्कन्या यांना वेगवेगळे नियम असतात, हे सोसायटीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. उलट कंपनीचा कारभार आपल्यासारखाच आहे म्हणून सगळ्यांना जरा आपलेपणा वाटला.

कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. तो म्हणाला, "साहेब, आतून करून देतो."

"आतून म्हणजे?"

"म्हणजे तपासणीला वळसा घालून. बाहेरून काही कळत नाही."

सचिवांचे डोळे चमकले, पण अध्यक्षांनी हरकत घेतली. आतून केलेलं कधी ना कधी गळायला लागतं आणि मग खालचा मजला भांडायला येतो, हा त्यांचा अनुभव. तांत्रिकदृष्ट्याही ते बरोबरच होते. असं घुसवलेल्या मशीनला पुढचे अपडेट मिळण्याची खात्री कंपनी देत नाही.

अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे त्यांचं म्हणणं एकच. "काहीही करू नका. आमच्या बँकेची एटीएम एक्सपीवर चालायची. काय बिघडलं?" विंडोज एक्सपीला कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी घरी बसवलं, हे खरं. त्यानंतरही देशातली कितीतरी एटीएम तिच्यावरच नोटा मोजत राहिली, हेही खरं. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना वर्षभराची मुदत दिली, की आता तरी बदला. मधल्या काळात, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला. जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद झाले, ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत रुग्ण परत पाठवले गेले आणि मायक्रोसॉफ्टला निवृत्त एक्सपीसाठी खास पॅच काढावा लागला. मंत्रालयात जसं जुन्या साहेबांना 'विशेष कार्य अधिकारी' म्हणून पुन्हा बोलावतात, तसं. अध्यक्षांनी या सगळ्यातून घेतला तो अर्थ असा, की फारच अडलं तर कंपनी धावून येते. माणूस पुराव्यातून नेमकं आपल्याला हवं तेच काढतो, आणि चाळीस वर्षं बँकेत काढलेला माणूस ते सव्याज काढतो.

इथे माझं मत. सभेत कुणी विचारलं नाही, म्हणून सदरात लिहितो. मशीनवर बँकेचे व्यवहार होत असतील, तिजोरीचा पासवर्ड त्यात असेल, तर निवृत्त प्रणालीच्या भरवशावर राहणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. आणि नुसती बिलं छापायची असतील तर इंटरनेटची वायर उपटा आणि पुढची पाच वर्षं खुशाल छापा. पण वायर उपटायची म्हटल्यावर मॅनेजरांचा चेहरा असा झाला, की मी विषय तिथेच सोडला. पत्त्यांबरोबर ते आणखीही काही बघत असावेत.

मग लिनक्स. बी विंगमधल्या मुलाने तो मांडला आणि अगदी तळमळीने मांडला. फुकट आहे, या जुन्या मशीनवर पळेल, केरळच्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं तेच चालतं. त्याच्या दोन चुका झाल्या. एक, 'केरळ' म्हटल्याबरोबर ए विंगमधून "तिकडे सगळेच डावे" असा आवाज आला. दुसरी, 'फुकट' म्हणाला. खजिनदारांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "फुकट, तर मग तुझा यात काय फायदा?" त्या पोराला काही उत्तर सुचेना. निःस्वार्थीपणाचं कोटेशन नसतं, आणि सोसायटीच्या उपविधींनुसार तीन कोटेशन लागतात.

लिनक्स खरं तर पडलं ते फाँटवर. मॅनेजर मराठी टायपिंग चाळीसची परीक्षा पास झालेले. युनिकोड आलं, सरकारने त्याचे जीआर काढले, पण मॅनेजरांची बोटं जुन्या फाँटवरून हलली नाहीत. त्या फाँटची गंमत अशी, की पडद्यावर दिसतं देवनागरी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. फाँट आहे तोवर मराठी, फाँट गेला की मुखवटा गळतो. प्रयोग म्हणून 'पाण्याच्या टाकीची सफाई' ही नोटीस खजिनदारांच्या लॅपटॉपवर उघडली. तिथे दोन स्वल्पविराम, एक उलटं प्रश्नचिन्ह, अधूनमधून इंग्रजी कॅपिटल आणि मधोमध ब्रिटिश पौंडाची खूण. पौंड पाहून खजिनदार दचकले. "टाकी कुठून साफ करवून घेतली?" असं त्यांनी विचारलं. मॅनेजर कॉम्प्युटरपाशी जाऊन उभे राहिले. त्यात सोसायटीच्या स्थापनेपासूनच्या नोटिसा होत्या, आणि त्या सगळ्या आजही एकाच मशीनवर वाचता येतात. या क्षणी माझ्या लक्षात आलं, की त्या खोलीत कॉम्प्युटर वापरणारा माणूस एकच होता आणि त्याला काय हवंय हे तासाभरात कुणीही विचारलेलं नव्हतं. कंपनीनेही विचारलं नव्हतं, पण कंपनी निदान परदेशात आहे.

न विचारता ठरवण्याची मायक्रोसॉफ्टची परंपरा जुनी आहे. २०१२ साली विंडोज ८ मधून स्टार्टचं बटणच काढून टाकलं. लोक पडद्याचा डावा कोपरा चाचपत बसले, एवढी ओरड झाली, की पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं. २०१६ साली तर कमालच. विंडोज १० घ्या, घ्या म्हणणारी खिडकी यायची. ती बंद करायला लोक कोपऱ्यातली फुली दाबायचे आणि ती फुली म्हणजेच होकार धरला जायचा. कॅलिफोर्नियातल्या एका बाई नको असलेल्या अशाच अपग्रेडवरून कोर्टात गेल्या आणि दहा हजार डॉलर घेऊन आल्या. हा किस्सा मी सभेत सांगितला, ती माझी हुशारी. पुढचा अर्धा तास 'दहा हजार डॉलर म्हणजे किती रुपये' आणि 'आपल्याला कुठल्या कोर्टात जावं लागेल' यातच गेला.

उरली मुदतवाढ. कंपनीने निवृत्त विंडोजला घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढ दिली आहे. त्याला रस्ते तीन. तीस डॉलर भरा. किंवा कंपनीच्या बक्षीस योजनेतले हजार पॉइंट द्या. किंवा मशीनमधल्या सेटिंगचा बॅकअप कंपनीच्या ढगात ठेवा, म्हणजे फुकट. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी डोळे वटारल्यावर तिकडे बॅकअपची अटही गेली. खजिनदारांची मुलगी जर्मनीत असते. सीपीयू तिच्याकडे पाठवला तर किती वजन भरेल, याची त्यांनी चौकशी केली. पण त्यांना खरी भुरळ पडली पॉइंटांची. बिंगवर शोध घेतला की पॉइंट जमतात, हे कळल्यापासून हा गृहस्थ पहाटे उठून बिंगला पंचांग विचारतो. राहुकाळ विचारतो, मग तो बरोबर आहे का म्हणून पुन्हा विचारतो. चतुर्थी कधी हे त्यांना पाठ आहे, तरी विचारतात. खर्च वाचवण्यासाठी माणूस किती श्रम करू शकतो याची मर्यादा मला आमच्या खजिनदारांत अजून सापडलेली नाही.

एका खात्यावर दहा मशीनपर्यंत ही वाढ चालते, असं मुलाने सांगितलं आणि चूक केली. सभेत नऊ जण होते. नऊही जणांना एकदम आपापल्या घरचा जुना लॅपटॉप आठवला. ए विंगला पाच की बी विंगला पाच, यावरून आवाज चढले. दुकानाच्या गाळेधारकांना सभासद धरायचं का, हा प्रलंबित प्रश्नही त्यात वर आला.

तेवढ्यात मॅनेजर हळूच म्हणाले, "साहेब, खातं कुणाचं?"

तिन्ही रस्त्यांना मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सोसायटीचं खातं आहे. ते उघडलं माजी सचिवांनी, म्हणजे त्याच पाडव्याच्या मुहूर्तवाल्यांनी. पासवर्ड त्यांनाच ठाऊक आणि ओटीपीही त्यांच्याच मोबाइलवर येतो. आणि माजी सचिव दोन वर्षांपासून आजी कमिटीशी बोलत नाहीत, कारण लिफ्टजवळची त्यांची पार्किंगची जागा काढून घेतली. नवं खातं काढा, असं मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता. पण नव्या खात्याला मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा, हे विचारल्यावर सगळ्यांनी एकदम चहाचे कप उचलले. सोसायटीच्या कशालाही एकदा आपला नंबर दिला की तो आयुष्यभर वाजतो.

अखेर तिघांचं शिष्टमंडळ माजी सचिवांकडे गेलं. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, जगातल्या सायबर गुन्हेगारीबद्दल चिंता व्यक्त केली. ओटीपी द्यायला ते तयार आहेत. अट एकच, लिफ्टजवळची जागा लेखी परत मिळावी.

पार्किंगचे नियम कमिटीच्या हातात नाहीत, ते सर्वसाधारण सभेत ठरवावे लागतात. वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून आमची दरवर्षी ३० सप्टेंबरलाच होते. म्हणजे ठराव झाला, ओटीपी आला, सगळं सुरळीत पार पडलं, तर १३ ऑक्टोबरपर्यंत आमच्या कॉम्प्युटरला भरघोस तेरा दिवसांची सुरक्षा मिळेल. हे गणित सचिवांनी फळ्यावर मांडलं आणि कमिटीने ते एकमताने मंजूर केलं. तेराव्याला गोडाचं जेवण असतं, त्याचा खर्च 'किरकोळ'मध्ये टाकता येईल का, असं खजिनदारांनी ऑडिटरना लेखी विचारलं आहे.