चर्चमधील टाळीचा प्रश्न

सतराव्या शतकातील युरोपात वाद्यसंगीताची एक सोयीस्कर विभागणी रूढ होती. चर्चमध्ये वाजवायच्या रचनांनी गंभीर चालीने चालावे, आणि सरदारांच्या दिवाणखान्यात वाजवायच्या रचनांनी नृत्याचा ठेका धरायला हरकत नाही, असा तो शिरस्ता होता. इटालियन संगीतकार कोरेली याने आपल्या रचनांचे संग्रहसुद्धा याच हिशेबाने वेगळे काढले, १६८१चा चर्चसाठी आणि १६८५चा दिवाणखान्यासाठी. दिवाणखान्यातले हे संगीत, म्हणजे मोजक्या वादकांनी मोजक्या श्रोत्यांपुढे, संचालकाच्या छडीशिवाय वाजवायचे संगीत, ‘चेंबर म्युझिक’ म्हणून ओळखले जाते. पुढे सरदारांचे वैभव ओसरले, त्यांच्या दिवाणखान्यांची संग्रहालये झाली, आणि ज्या वास्तूपासून हे संगीत कटाक्षाने निराळे ठेवले होते, त्याच वास्तूत ते भाडेकरू म्हणून राहायला आले. या स्थलांतराने संगीताचे फारसे बिघडले नाही. पंचाईत झाली ती श्रोत्यांची.

लंडनच्या ट्रफाल्गर चौकालगतचे, जेम्स गिब्ज या वास्तुविशारदाने बांधलेले आणि १७२६ साली पूर्ण झालेले सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे चर्च या पंचाइतीच्या अभ्यासासाठी आदर्श मानावे लागेल. दुपारच्या जेवणाच्या सुटीत आणि संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात होणाऱ्या तेथील मैफली प्रसिद्ध आहेत. तळघरात उपाहारगृह असून त्याच्या फरशीत जुन्या थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत, त्यामुळे श्रोता एखाद्या दिवंगत लंडनकराच्या नावावर पाय ठेवून निवांत केक खाऊ शकतो, आणि दोघांपैकी कोणाचीही तक्रार नसते. वरच्या मजल्यावरील लाकडी बाके उपासकाला प्रवचनात डुलकी लागू नये या पवित्र हेतूने घडवलेली असावीत असे पाठीला वाटते. मेणबत्त्यांचा उजेड मनाला शांत करतो खरा, परंतु त्यात कार्यक्रमपत्रिकेवरील बारीक अक्षरे दिसत नाहीत, आणि रचनेचे किती खंड झाले व किती उरले हे न कळणे हेच पुढील सर्व संकटाचे मूळ होय.

व्यासपीठावर दोन व्हायोलिन, व्हायोलिनपेक्षा किंचित मोठा आणि खर्जाकडे झुकलेला व्हायोला, आणि गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवायचा चेलो अशी चार वाद्ये असतात. या संचालाच ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ म्हणतात. चार समंजस माणसांचा संवाद ऐकल्याचा भास होतो, असे जर्मन कवी गटे याने १८२९च्या एका पत्रात या प्रकाराविषयी लिहिले होते. चौघेही एकाच वेळी बोलत असताना कोणीही उठून निघून जात नाही, ही गोष्ट पाहता हा संवाद समंजस असल्याबद्दल शंका घेण्यास जागा उरत नाही. १७८४ साली व्हिएन्नातील एका घरगुती बैठकीत हायडन आणि डिटर्सडॉर्फ व्हायोलिनवर, मोझार्ट व्हायोलावर आणि वानहाल चेलोवर असे चार संगीतकार एकत्र वाजवायला बसले; तेथे हजर असलेल्या मायकेल केली या आयरिश गायकाने मात्र चौघांपैकी एकही आपल्या वाद्यात विशेष निपुण नव्हता, अशी नोंद आठवणींत करून ठेवली. समीक्षकांची जात तेव्हाही जागरूक होती.

क्वार्टेट बहुधा चार खंडांचा असतो आणि प्रत्येक खंडानंतर वादक क्षणभर थांबतात. या क्षणी टाळी वाजवणे निषिद्ध आहे, मात्र तसे कोठेही लिहिलेले नसते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात समेवर मान डोलावून ‘वा!’ म्हणण्याची सवय असलेल्या रसिकाने येथे नकळत दोन्ही हात वर नेले, तर आजूबाजूच्या दहा-बारा माना त्याच्याकडे अशा वळतात की ते हात त्याला केस सारखे करण्याच्या कामी लावावे लागतात. टाळीला बंदी असली तरी खोकल्याला नसते, म्हणून संथ खंडभर प्रयत्नपूर्वक दाबलेले सारे खोकले खंडाच्या शेवटी एकदम मोकळे होतात. उंच कमानदार छत व्हायोलिनच्या सुराला जी घुमारेदार साथ देते, तीच खोकल्यालाही देते. वास्तू त्यांत भेदभाव करत नाही.

ही शिस्त मूळ संगीतकारांनी घालून दिली असावी असा समज होतो, परंतु इतिहास त्याला दुजोरा देत नाही. १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टच्या सिंफनीला श्रोत्यांनी खंड चालू असतानाच टाळ्या दिल्या, तेव्हा त्याने रागावण्याऐवजी वडिलांना आनंदाने ते कळवले आणि मैफलीनंतर जाऊन आइस्क्रीम खाल्ले. १८२६ साली व्हिएन्नात बेटहोवनच्या एका क्वार्टेटचे दोन मधले खंड श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावले. बेटहोवन संतापला तो शेवटचा अवघड खंड पुन्हा वाजवायला न लावल्याबद्दल. खंडाखंडांमधली शांतता त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या ओघात हळूहळू रुजली, आणि नंतर ती मोझार्टच्याही माथी मारण्यात आली.

या शिस्तीची खरी परीक्षा हायडनने घेऊन ठेवली आहे. १७८१ साली रचलेल्या, ‘जोक’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या क्वार्टेटचा अखेरचा खंड संपत आला की तो मुख्य धुनेचे चार तुकडे करतो आणि तुकड्यांच्या मध्ये लांब विराम ठेवतो. प्रत्येक विरामात काहींना रचना संपली असे वाटते. चौथ्या तुकड्यानंतर धून पूर्ण होते, पूर्वीपेक्षाही मोठा विराम येतो, धीट श्रोते टाळी देतात, आणि तेवढ्यात वादक धुनेचा पहिला तुकडा हलक्या आवाजात पुन्हा वाजवून थांबतात. आता रचना खरोखरच संपलेली असते, पण फसलेल्यांचा विश्वास उडालेला असतो. जाणकार पहिल्यापासून मंद हसत बसलेले असतात, आणि चर्चच्या गांभीर्यामुळे बाकीच्यांना हसणे पाप वाटते.

तेव्हा नवख्या श्रोत्याने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वादकांचे गज खाली येऊन ते उठून उभे राहीपर्यंत हात मांडीवर ठेवावेत. त्याआधी टाळी वाजलीच तर लाजू नये, कारण अशा श्रोत्याची वागणूक आजूबाजूच्या मूक मंडळींपेक्षा मोझार्टच्या श्रोत्यांना अधिक जवळची असते. हायडनच्या विनोदावर मात्र मोकळेपणाने हसावे; तो हसण्यासाठीच रचलेला आहे, आणि त्यावर गंभीर बसून राहणे ही या मैफलीतील एकमेव खरी चूक होय.