आप्पांचा पाणघोडा

बुद्धिबळात मी आक्रमक आहे असं माझं मत आहे. दुसऱ्या कुणी अजून ते मांडलेलं नाही. पण आक्रमक माणसाला अंगावर येणारा कुणीतरी लागतो, आणि मुरूम गावच्या आडत दुकानात गादीवर माझ्यासमोर बसतात ते आप्पा.

मी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकतो. आप्पा, एक घर. मी वजिरापुढचं दोन घरं. आप्पा, एक घर. शेवटी सहा प्यादी तिसऱ्या ओळीत, उंट बगलेत, घोडे आडोशाला. अशा माणसापुढं डाव मांडावा तरी कसा? जुना जगज्जेता स्टाइनिट्झ, त्याचं म्हणणं, वरचढ असाल तर हल्ला केलाच पाहिजे, नाहीतर वरचढपणा जातो. म्हणून मी चार प्यादी रेटतो, आणि त्यांच्यामागं ओस पडलेल्या घरांतून आप्पांचा घोडा निवांत हिंडतो.

"का घाई करलालाव?" वर हे.

आप्पांच्या या मांडणीला पाणघोडा म्हणतात. १९६६च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत स्पास्कीनं ती पेट्रोस्यानपुढं दोनदा मांडली, दोन्ही डाव बरोबरीत सुटले. ही विद्वत्ता मी आप्पांवर फेकली. "मग लढत कुणी मारली?" पेट्रोस्याननं, तो तर थांबण्यात स्पास्कीच्याही वरचा. आप्पांना तेवढं पुरलं.

खरं तर आप्पांनी स्पास्कीचं नावही ऐकलं नव्हतं. ते वडिलांकडून देशी बुद्धिबळ शिकले. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी, तीही शह बसायच्या आत. प्यादं शेवटच्या ओळीत हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, उंटाच्या घरात पोचलं तर उंट. उठसूट वजीर नाही. काय न्याय आहे! जिथं पोचलात तेवढेच मोठे व्हा. हा नियम आपल्याकडच्या काही संस्थांच्या अध्यक्षपदालाही लावावा असं मला फार वाटतं, पण ते असो.

कुणी आप्पांना 'थंड' म्हणालं की हल्ली माझं डोकं फिरतं. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. ज्याला थांबता आलं त्यानं माल घरात ठेवला. आप्पांना सोयाबीन विकून उधारी भागवायची होती. पोती काट्यावर चढली, पट्टी हातात आली, आणि ते गादीवर येऊन प्यादी लावायला लागले. थांबायची चैन त्यांना या चौसष्ट घरांतच परवडते, आणि तिथंही मी त्यांना घाई करायला लावणारा कोण?

म्हणून मी आता लंडन पद्धत धरली आहे: उंट बाहेर, प्यादी त्रिकोणात, कुणाच्या वाटेला जायचं नाही. आप्पांनी पाणघोडा मांडला, मी लंडन. परवा बराच वेळ दोघांनीही काही मारलं नाही. बघत बसलेला गडी शेवटी उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "चालू द्या तुमचं. मी तूर काढून येतो."