फाईल कोणत्या टेबलावर?

माइक म्यूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये पिंग लिहिलं आणि नाव घेतलं सोनारच्या आवाजावरून (दागिने घडवणारा नव्हे, पाणबुड्या हुडकणारा). हाक मारायची, ओ आली की समोरचा जिवंत. लिनक्सच्या राऊटरने या साधेपणाला कचेरीचं वळण लावलं.

दोन इंटरनेट जोडण्या असल्या की नाटक रंगतं. दुसऱ्या जोडणीच्या पत्त्यावर पिंग येतं, राऊटर अदबीने उत्तर देतो, पण पाठवतो पहिल्या दाराने. वाटांच्या मुख्य टेबलात डिफॉल्ट वाट तीच! परका पत्ता पाहून त्या दारापलीकडची इंटरनेट कंपनी बहुधा पॅकेट फेकून देते.

तंत्रज्ञ केबल हलवतो, फायरवॉलला शिव्या घालतो. 'आयपी रूट शो' सगळं आलबेल दाखवतं. दाखवणारच! ती आज्ञा फक्त 254 क्रमांकाचं मुख्य टेबल उघडते. शेजारच्या टेबलावरच्या फायलीशी तिला देणंघेणं नाही. फाईल, म्हणजे पॅकेट, कुठल्या टेबलावर जायची ते 'आयपी रूल' ठरवतं, आणि त्या रांगेत मुख्य टेबलाचा नंबर 32766.

उगमपत्ता पाहून दुसऱ्या टेबलाकडे धाडणारा नियम त्याआधी घुसवला की ओ येते. नाहीच आली, तर रिव्हर्स पाथ फिल्टर आहे. कडक शिस्तीत असला, तर परतीची वाट वेगळ्या दाराची दिसताच तो आलेलं पॅकेट मुकाट गिळतो. नोंद हवी असेल तर ती वेगळी सुरू करून घ्यावी लागते.