कॅम्पकाका

डोंबिवली पूर्वेच्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या संकुलात शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास जा. खालच्या पार्किंगमध्ये एक इसम गाडीच्या डिकीत कमरेपर्यंत शिरलेला दिसेल. बाहेर उरलेल्या भागावर सहा-सात खिशांची खाकी हाफपँट. एरवी हा गृहस्थ बीकेसीत कुणाचे तरी हिशेब तपासतो, फास्ट लोकलच्या दारात लटकतो आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. शुक्रवारी मात्र त्याचा कॅम्पकाका होतो.

हे वेड लॉकडाऊनमधलं. सगळे केळ्याचा केक करत होते तेव्हा काका ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघत बसले. तिकडे किम्बर्लीत गिब रिव्हर रोड म्हणून साडेसहाशेएक किलोमीटरचा, बराचसा कच्चा रस्ता आहे. गाडीमागे ट्रेलर जोडायचा, लाल धुळीतून दिवस दिवस जायचं आणि वाटेल तिथे मुक्काम ठोकायचा. त्यात काकांना भावला तो निसर्ग नव्हे. इतकी मोठी गाडी लावली, तरी कुणी खिडकीतून ‘ओ, इथे नाही लावायची’ म्हणून ओरडलं नाही, हे त्यांना भावलं. डोंबिवलीकराच्या स्वर्गात अप्सरा नसल्या तरी चालतील, पार्किंग हवं.

मग कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेटरकडून ट्रेलर बनवून घेतला. दोन चाकं, पत्र्याची पेटी, वर उलगडणारा तंबू, मागे ड्रॉवरसारखं बाहेर येणारं स्वयंपाकघर. मोटार वाहन कायद्याने ट्रेलरही वाहनच ठरतो, त्याचीही नोंदणी लागते. हे सोसायटीच्या सेक्रेटरींना काकांच्या आधी ठाऊक होतं. ‘म्हणजे दुसरं वाहन झालं. दुसऱ्या वाहनाला वेटिंग लिस्ट आहे.’ राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्या बातमीचं कात्रण काकांनी पुढे केलं. सेक्रेटरींनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, ‘यात आपली बी विंग कुठे आहे?’

तेव्हापासून काका डोंबिवलीला आणि ट्रेलर वांगणीला, मेव्हण्याच्या प्लॉटवर राहतो. आठवडाभर तिथे त्यावर मिरच्या वाळतात. परिणामी काकांच्या तंबूत निजणारा माणूस मोकळ्या हवेत पहाटेपर्यंत शिंकतो. शनिवारी पहाटे आधी वांगणी, तिथे जोडाजोडी, मग बदलापूर, मुरबाड, शहापूर आणि शेवटी कसारा घाट. त्याच वेळी संकुलातली कॉलेजची पोरं पाठीला एकेक सॅक लावून कसारा लोकलने जातात, पुढे जीप पकडतात आणि काका घोटीला पोचेपर्यंत सांदण दरीत उतरलेलीही असतात. काकांना त्यांची कीव येते. ‘सामान काहीच नाही बिचाऱ्यांकडे!’

मुक्कामाची जागा भंडारदऱ्याचं पाणलोट, रतनवाडीच्या अलीकडे. इथे काकांची खरी परीक्षा होते, कारण ट्रेलर उलटा घ्यायचा असतो. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि जरा जास्त झालं की गाडीशी काटकोन करून अडून बसतो. मागे बॅटरी घेऊन वहिनी.

‘डावीकडे घ्या! डावीकडे! अहो, तुमचं डावं नाही, त्याचं डावं!’

‘त्याचं म्हणजे चाकाचं की ट्रेलरचं?’

‘माझं!’

संसारातली सगळी जुनी येणी या दहा मिनिटांत वसूल होतात. शेवटी गावातली चार पोरं येतात, ट्रेलर हुकातून सोडवतात आणि हाताने ढकलत अर्ध्या मिनिटात हव्या त्या जागी नेऊन ठेवतात. काका चाकाखाली दगड लावतात, मोबाइलवर लेव्हल बघतात आणि ‘दोन अंश उतार आहे’ असं गंभीरपणे जाहीर करतात.

मग वनबीएचके उभा राहतो. छप्पर, चटई, खुर्च्या, बारा व्होल्टचा फ्रीज, चप्पल काढायची जागा, ओले टॉवेल घालायला दोरी. समोर १९२६ साली पुरं झालेलं, अकरा टीएमसीचं धरण, आणि काका डोंबिवलीहून आणलेल्या पाण्याच्या कॅनमधून मापाने पेला भरतात. ‘जपून वापरा हं, उद्या संध्याकाळपर्यंत पुरवायचंय.’ टंचाईची इतकी सवय की भरल्या धरणाच्या काठावरही ती सुटत नाही.

जूनच्या सुरुवातीला काजवे. पावसाच्या तोंडावर हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडं लखलखतात. नर काजवे मादीला खुणावत असतात, आणि त्याला अंधार लागतो. काकांनी मात्र बांबूवर एलईडीचा झोत चढवलेला असतो, काजवे नीट दिसावेत म्हणून. शेवटी शेजारच्या वाडीतले म्हातारबाबा काठी टेकत येतात.

‘दादा, तेवढा दिवा मालवा. ते लाजत्यात.’

काका ओशाळून दिवा मालवतात. झाड एकदम पेटतं आणि पुढची काही मिनिटं काका चक्क गप्प असतात. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण माणूस मुळात रसिक आहे. सामानाखाली दबलाय, इतकंच.

पण तेवढ्यात एक पांढरी एसयूव्ही येते आणि बरोबर तंबूच्या तोंडाशी उभी राहते. पाटीवर एमएच ०५, म्हणजे कल्याणचीच. काका ताडकन उठतात. इतकी वर्षं सेक्रेटरींच्या तोंडून ऐकलेलं सगळं एका दमात बाहेर पडतं. ‘ओ साहेब! इथे नाही लावायची! दिसत नाही का, फॅमिली राहते?’ सह्याद्रीच्या कुशीत, मैलभर मोकळं रान असताना, हे दोघे कल्याणकर-डोंबिवलीकर दीड फुटावरून अर्धा तास भांडतात. समेट होतो तो दोघांचा दंतवैद्य एकच निघाल्यावर.

रविवारी रात्री अंधारात बारवीचा रस्ता नको म्हणून काका पडघ्यावरून परततात. आसनगाव-वासिंदच्या पट्ट्यात ट्रक, टेम्पो, बस, सगळं ठप्प. लोक हॉर्न वाजवून दमतात, इंजिनं बंद होतात. काका खाली उतरून अंदाज घेतात. मग मागचा ड्रॉवर सर्रकन बाहेर येतो, शेगडी पेटते, आधण चढतं. वहिनी आलं ठेचू लागतात. समोरच्या बसमधलं एक लहान मूल आधी येतं, मागून त्याची आई, मग क्लीनर, मग नाशिकहून लग्न उरकून निघालेलं अख्खं वऱ्हाड. घडीच्या खुर्च्या महामार्गावर मांडल्या जातात. फ्रीजमधलं थंड ताक एका आजोबांना मिळतं. मिरचीच्या वासाने एक-दोघे शिंकतात. सगळे चौकशी करतात, ट्रेलर केवढ्याला पडला, कुठे बनवला, आणि काका प्रत्येकाला पहिल्यापासून सांगतात.

पुढे कुठेतरी वाट मोकळी होते, गाड्या सरकू लागतात. मागचा ट्रकवाला हॉर्न देतो. काका गाळणं हातात घेऊन त्याच्याकडे बघतात.

‘थांबा हो, अजून चौघांचा चहा व्हायचाय.’