समूळ उपचार

फोन चार्ज होईना. अधिकृत सेवा केंद्राने निदान केले: टाइप-सी पोर्ट निकामी, तो मदरबोर्डलाच डाग देऊन बसवलेला, सबब अख्खा बोर्ड बदलणे. खर्च नव्या फोनपेक्षा तब्बल ५०० रुपयांनी कमी.

या समूळ उपचाराचे कौतुक करावे तेवढे थोडे. नळाचा वायसर झिजला की धरणच नवे बांधावे, कडी निखळली की वाडा पाडावा.

गल्लीतल्या कारागिराला एवढी दूरदृष्टी कुठली? त्याने दातकोरण्याने २४ पिनांवर साचलेला खिशातला कापूस उपसला. फोन सुरू. पैसेही घेतले नाहीत. धंद्याची समज म्हणून नाही.

केंद्राला कळवले. तत्पर उत्तर आले: ‘‘म्हणजे दोष सदऱ्यात आहे. पूर्ण सदरा बदलावा लागेल. खिसा सुटा मिळत नाही.’’