चू. भू. द्या. घ्या.

मराठी व्याकरण पापी माणसाला फार सांभाळून घेतं. कपबशी 'फुटते', दूध 'उतू जातं', नांगर शेजाऱ्याच्या बांधात 'शिरतो' आणि ग्रामपंचायतीचा निधी 'खर्च होतो'. माणूस मात्र कुठेच नसतो. 'चूक झाली' म्हणताना तर चूक पावसासारखी वरून पडली आणि आपण नेमकी छत्री विसरलो, असाच सूर असतो. अर्थात ही युक्ती मराठीच्याही आधीची. आदामाने फळ खाल्ल्याचं कबूल केलं, पण आधी बायकोचं नाव पुढे केलं आणि ती देवानेच दिली होती, याचीही आठवण करून दिली. याला कबुली नव्हे, उलटतपासणी म्हणतात. ख्रिस्ती माणसाच्या पापकबुलीचा कस माझ्या मते कर्त्यावर लागतो. 'झालं'चं 'मी केलं' होईपर्यंत क्षमा द्यायची तरी कोणाला?

देवाला सगळं ठाऊकच आहे, मग सांगायचं कशाला, असं कोणी विचारेल. याचं उत्तर बीड जिल्ह्यात शोधावं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर नेणाऱ्या मुकादमाची आगाऊ उचल घेऊन इथून नवरा-बायको मिळून 'एक कोयता' ऊसतोडीला निघतो. ही उचल म्हणजे ऋण, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातली प्रभूची प्रार्थना पापालाही ऋणच म्हणते. धारूर-वडवणीकडे हा शब्द फोडून सांगायला पाळक लागू नये. फरक वहीत आहे. मुकादमाची वही मुकादमाच्याच खिशात, आणि हंगामभर राबूनही बाकी पुढच्या हंगामावर चढते. देवाची वही उघडी असते. तिथे आपणच डोळे मिटून 'काही चुकलंमाकलं असेल तर' म्हणतो आणि खाली चू. भू. द्या. घ्या. लिहून मोकळे होतो. बाकीच मान्य नसेल, तर माफ काय करायचं?

रविवारी माफी आणि सोमवारी पुन्हा तेच, हा आक्षेप जास्त टोकदार. पण लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराचं बघा. येशू आधी त्याच्या घरी उतरला. लुबाडलेलं चौपट परत करायचं त्याने त्यानंतर काढलं. माफी आधी, वसुली मागाहून, तीही स्वतःच स्वतःकडून. अवघड आहे ते फुकट मिळालेलं घेणं. येशूच्या दृष्टांतातल्या उधळ्या मुलाने घरी परत निघण्याआधीच भाषण पाठ केलं होतं, त्यात मजुरीवर ठेवून घेण्याची विनंतीही होती. बापाने मध्येच झगा मागवला आणि नेमकं तेच वाक्य राहून गेलं. उचल फेडायची संधीच हुकली! थोरल्या भावाला मात्र आपल्याला कधी न मिळालेल्या करडाचा हिशेब तोंडपाठ होता.